चार जीबी दिले, मग साडेपाच कुठे गेले?

माइनक्राफ्टच्या नादी लागलेली बरीच मुलं जावा नावाची प्रोग्रामिंग भाषा असते हे कळण्याआधीच तिच्या आभासी यंत्राची मेमरी वाढवायला शिकतात. खेळाच्या जावा आवृत्तीत दोन-चार जड मॉड टाकले की पडदा अडखळू लागतो. मग एखादा मोठा मुलगा सांगतो : लाँचरच्या सेटिंगमध्ये जा, ‘जेव्हीएम आर्ग्युमेंट्स’ असा रकाना आहे, त्यात ‘एक्सएमएक्स’च्या पुढे २जी लिहिलं असेल तर ते ४जी कर. खेळ बहुतेक वेळा सुधारतो. पण तेव्हाच टास्क मॅनेजर उघडून बघितलं, तर जावाच्या नावासमोर ४ जीबी नव्हे, पाच-साडेपाच जीबी दिसू शकतात. वरचे कोणी घेतले? बँका आणि विमा कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो, तोही बहुधा रात्रपाळीत. फरक एवढाच, की त्यांच्याकडे खेळ नाही, व्यवहार अडकतात.

आधी हे यंत्र कोणतं ते पाहू. जावात लिहिलेला प्रोग्राम थेट प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरत नाही. तो बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात येतो, आणि हा बाइटकोड चालवणारा आणखी एक प्रोग्राम असतो. तेच जावाचं आभासी यंत्र, म्हणजे जेव्हीएम. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली तेव्हा तिचं मोठं आकर्षण हे होतं, की एकदा लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर, युनिक्सवर, कुठेही चालेल. दुसरं आकर्षण तितकंच मोठं होतं. सी भाषेत प्रोग्रामरला मेमरी स्वतः मागावी लागते आणि काम झालं की स्वतःच परत करावी लागते. परत करायला विसरला तर गळती, दोनदा परत केली तर प्रोग्राम कोसळतो. जावाने ही कटकट प्रोग्रामरकडून काढून यंत्राच्या गळ्यात घातली. प्रोग्राम नवनव्या वस्तू बनवत राहतो. त्या ‘हीप’ नावाच्या भागात साठतात. कोणालाच नको असलेल्या वस्तू शोधून त्यांची जागा मोकळी करायचं काम गार्बेज कलेक्टरचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘जीसी’चं.

ही युक्ती जावाची नाही. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी ती १९५९ च्या सुमाराला शोधली. पुढे त्यांनीच लिस्पच्या इतिहासात एक फजिती सांगितली आहे. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. मोठा आयबीएम ७०४ संगणक पहिल्या मजल्यावर, आणि त्याचं उत्तर टाइप करणारं यंत्र सेकंदाला दहा अक्षरं उमटवणारं. सगळं सावकाश पण सुरळीत चाललेलं असताना त्या यंत्राने अचानक जाहीर केलं, की गार्बेज कलेक्टरला पाचारण झालं आहे आणि त्याची काही मनोरंजक आकडेवारी पुढे देत आहोत. नव्या कलेक्टरचं कौतुक म्हणून प्रत्येक सफाईनंतर त्याने पानभर तपशील छापावा अशी व्यवस्था होती. एरवी तो वेगवान प्रिंटरवर निघायचा. आता तो सेकंदाला दहा अक्षरं या चालीने निघू लागला, प्रात्यक्षिकाचा उरलेला वेळ त्यातच जाणार हे उघड झालं, आणि वक्ता व श्रोते दोघेही हसून बेजार झाले. मेमरी संपली की यंत्र आपलं काम बाजूला ठेवून सफाईला लागतं आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतं, हा जीसीचा स्वभाव असा पहिल्याच जाहीर प्रयोगात चव्हाट्यावर आला.

हीपला कमाल मर्यादा का हवी, याचं उत्तर या स्वभावात आहे. मर्यादाच नसेल तर सफाई केव्हा करायची हे यंत्राला ठरवता येत नाही. जागा भरत आली की सफाई, हा मूळ नियम. म्हणून ‘भरत आली’ म्हणजे किती, हे कोणीतरी सांगावं लागतं. एक्सएमएक्स ते सांगतो. त्याचा जोडीदार एक्सएमएस हीपचा सुरुवातीचा आकार ठरवतो. दोन्ही दिले नाहीत तर ओरॅकलची नेहमीची जेव्हीएम साधारणपणे यंत्रातल्या एकूण रॅमचा चौथा हिस्सा कमाल धरते आणि चौसष्टावा हिस्सा सुरुवातीला घेते. १६ जीबीच्या लॅपटॉपवर हे झाले अनुक्रमे ४ जीबी आणि २५६ एमबी. घरगुती वापराला हा अंदाज ठीक आहे. सर्व्हरवर तो क्वचितच ठीक असतो.

मर्यादा किती ठेवता यावर वेग कसा ठरतो, ते एका हिशेबात बघा. समजा, प्रोग्रामला सतत लागणाऱ्या, म्हणजे जिवंत वस्तू १ जीबीच्या आहेत आणि तो दर सेकंदाला २०० एमबी नव्या, अल्पायुषी वस्तू बनवतो. हीप १.२ जीबीचा ठेवला तर मोकळी जागा उरते २०० एमबी. ती सेकंदात भरते, म्हणजे दर सेकंदाला सफाई. हीप ३ जीबीचा केला तर मोकळी जागा २ जीबी, आणि सफाई दहा सेकंदांनी एकदा. आता गंमत अशी, की सफाईची मेहनत मुख्यतः जिवंत वस्तू किती यावर अवलंबून असते, कचरा किती यावर नाही. कारण कलेक्टर जिवंत वस्तूंचा माग काढत जातो आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचला नाही त्यांना कचरा समजतो. म्हणजे एका सफाईचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच, पण दुसऱ्या मांडणीत तो दहापट कमी वेळा करावा लागतो. रॅम देऊन प्रोसेसरचा वेळ विकत घ्यायचा, असा हा सौदा आहे. खरा कलेक्टर हीपचे तरुण आणि जुने असे वाटे करतो आणि तरुण वाट्यातच वरचेवर झाडू मारतो, कारण बहुतेक वस्तू जन्मताच मरतात. त्यामुळे आकडे इतके सरळ येत नाहीत. सौदा मात्र तोच.

या सौद्याचा भाव २००५ मध्ये मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर या दोघा संशोधकांनी मोजून दाखवला. हाताने मेमरी परत करणाऱ्या प्रोग्रामला जेवढी मेमरी लागते, तिच्या पाचपट दिली तर चांगला जीसी त्याच्या तोडीस तोड चालतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मंद. दुप्पटच दिली तर सुमारे ७० टक्के मंद. त्यांनी वापरलेले कलेक्टर आता जुने झाले, तेव्हा हे टक्के आज जसेच्या तसे लावू नयेत. पण आलेखाचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे : मर्यादा घट्ट करत गेलं तर आधी फारसं काही बिघडत नाही, आणि एका टप्प्यानंतर सगळं एकदम बिघडतं. खर्च वाचवायला म्हणून हीप थोडा थोडा कमी करत जाणारे लोक या कड्यावरून हमखास खाली येतात. मागच्या वेळी अर्धा जीबी काढला तरी काही झालं नव्हतं, हा त्यांचा युक्तिवाद असतो, आणि तो खराही असतो.

आता त्या साडेपाच जीबींकडे वळू. एक्सएमएक्सचा आकडा आणि प्रोसेसची एकूण मेमरी यांचं नातं फ्लॅटच्या कार्पेट एरिया आणि सुपर बिल्ट-अप एरियासारखं आहे. हीप हा कार्पेट. जिथे प्रोग्रामच्या वस्तू खरोखर राहतात. पण भिंती, जिना, लिफ्टचा वाटा यांच्यासाठी वेगळी जागा लागतेच, आणि ऑपरेटिंग सिस्टीम मोजते ती सगळी मिळून.

या बाकीच्या जागेत काय काय येतं? प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक लागतो. ६४-बिट लिनक्सवर तो नेहमी १ एमबीपर्यंतचा असतो आणि एक्सएसएस या पर्यायाने बदलता येतो. टॉमकॅटसारखा वेब सर्व्हर एरवी २०० थ्रेडपर्यंत जातो, म्हणजे कागदोपत्री २०० एमबी इथेच. प्रत्यक्षात जेवढं पान वापरलं तेवढंच रॅममध्ये येतं, म्हणून खरा आकडा कमी भरतो. पुढे, वारंवार चालणारा बाइटकोड जेव्हीएम चालता चालता प्रोसेसरच्या भाषेत उतरवून ठेवते. त्या तयार कोडसाठी राखीव जागा सर्वसाधारणपणे २४० एमबीपर्यंत असते. क्लासची माहिती ठेवणारी मेटास्पेस वेगळी. नेटवर्क आणि फायलींसाठी वापरले जाणारे डायरेक्ट बफर हीपच्या बाहेर असतात, आणि त्यांची मर्यादा सांगितली नाही तर ती साधारण एक्सएमएक्सएवढीच धरली जाते. हे फार जणांना माहीत नसतं. ४ जीबी हीप दिलेला प्रोग्राम तत्त्वतः आणखी ४ जीबी बफरमध्ये घेऊ शकतो आणि एक्सएमएक्सच्या नियमाचा भंगही होत नाही. शिवाय कलेक्टरची स्वतःची वही-खातीही असतातच. नेमका हिशेब हवा असेल तर नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग हा पर्याय चालू करून जेव्हीएम सुरू करावी आणि ‘जेसीएमडी’ या साधनाकडून खातेवार उतारा घ्यावा. अंदाज लढवण्यापेक्षा हा उतारा कितीतरी बरा.

मेटास्पेसबद्दल थोडं अधिक, कारण मर्यादा काढून टाकल्याने काय होतं त्याचा तो चांगला नमुना आहे. जावा ७ पर्यंत क्लासची माहिती पर्मजेन नावाच्या आखूड भागात राहायची. सर्व्हर बंद न करता त्यावर प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली, की जुन्या आवृत्तीचे क्लास कुठल्या तरी विसरलेल्या धाग्याला लटकून राहायचे, आणि अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की पर्मजेन भरल्याची ओळ लॉगमध्ये यायची. एका पिढीच्या प्रोग्रामरना ही ओळ तोंडपाठ होती. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने पर्मजेन काढला आणि त्याजागी मेटास्पेस आणली. ती हीपबाहेर असते, आणि तिला आपण होऊन कमाल मर्यादा नसते. ती ओळ दिसेनाशी झाली, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गळती मात्र ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे तशीच राहिली. पूर्वी ती आपल्या खोलीत भरून थांबायची, आता ती सगळ्या यंत्राची रॅम खाऊ लागली. माझ्या मते सर्व्हरवर मॅक्समेटास्पेससाइज हा पर्याय न देणं हा आळस आहे. पूर आला तर तो कोणत्या दाराशी अडेल हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

मोठ्या आकड्यांच्या टोकाला एक विचित्र उंबरठा आहे. ६४-बिट यंत्रावर एका वस्तूने दुसरीकडे बोट दाखवायचं तर त्या पत्त्याला ८ बाइट लागतात. जावाचे प्रोग्राम अशा बोटांनी खच्चून भरलेले असतात, म्हणून जेव्हीएम एक काटकसर करते. प्रत्येक वस्तू ८ च्या पटीतल्या पत्त्यावरच ठेवायची, आणि पत्ता ८ ने भागून ४ बाइटमध्ये लिहायचा. चार बाइटमध्ये सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे आकडे मावतात; त्यांना आठने गुणलं की ३२ जीबी. हीप त्याच्या आत असेल तोवर ही काटकसर चालते. एक्सएमएक्स ३२ जीबीच्या पलीकडे नेला की ती बंद पडते आणि प्रत्येक बोट पुन्हा ८ बाइटचं होतं. म्हणून ३४ जीबीच्या हीपमध्ये ३१ जीबीच्या हीपपेक्षा कमी माल मावू शकतो. इलॅस्टिकसर्च हे जावातलं शोधयंत्र चालवणारे हीप या उंबरठ्याच्या आतच ठेवतात. झेडजीसी हा नवा कलेक्टर मात्र ही काटकसर वापरतच नाही. त्याच्यासाठी हा उंबरठा नाही आणि छोट्या हीपमधला फायदाही नाही.

मेमरी मर्यादेचा खरा गोंधळ गेल्या दशकात कंटेनरमुळे झाला. एका मोठ्या यंत्राचे आतल्या आत वाटे करायचे आणि प्रत्येक प्रोग्रामला एकेक वाटा द्यायचा, ही सोय लिनक्सच्या गाभ्यात सीग्रुप या नावाने २००८ मध्ये आली आणि २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ती घरोघरी नेली. जावा मात्र त्याच्या आधीच्या काळातली. तिला वाटायचं, समोर दिसतं ते सगळं यंत्र आपलंच. ६४ जीबीच्या यंत्रावर २ जीबीचा कंटेनर बनवला आणि एक्सएमएक्स दिला नाही, तर जेव्हीएम चौथ्या हिश्श्याच्या नियमाने १६ जीबीपर्यंत हीप वाढवायला मोकळी. जीसीला घाई नसायची, कारण त्याच्या दृष्टीने अजून भरपूर जागा होती. दोन जीबी ओलांडले की लिनक्सचा गाभा त्या प्रोसेसला थेट ठार करायचा. हा वार जावाच्या कानावरही पडत नाही : ना चुकीचा संदेश, ना लॉगमध्ये शेवटची ओळ. मागे राहतो तो १३७ हा आकडा, म्हणजे १२८ अधिक ९. नऊ हा ठार करण्याच्या संदेशाचा क्रमांक. मेमरी कमी पडली असं हा आकडा स्वतःहून सांगत नाही, त्यामुळे काही संघांनी दिवसच्या दिवस स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधली.

मार्च २०१८ मध्ये आलेली जावा १० कंटेनरची मर्यादा आपोआप वाचू लागली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही सुधारणा जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही आली. तेव्हापासून एक्सएमएक्सऐवजी मॅक्सरॅमपर्सेंटेज देऊन टक्केवारीतही मर्यादा सांगता येते. दोन्ही दिले तर एक्सएमएक्सचंच ऐकलं जातं. टक्केवारी न दिल्यास ती २५ असते, म्हणजे दोन जीबीच्या कंटेनरमध्ये हीप फक्त अर्ध्या जीबीचा. भाडं पूर्ण, वापर पाव. लोक म्हणून ती ७० किंवा ७५ करतात, आणि इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. आठ जीबीच्या कंटेनरमध्ये पाव हिस्सा म्हणजे २ जीबी, तेवढ्यात थ्रेड, कोड, मेटास्पेस सगळं आरामात बसतं. पण ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये पाव हिस्सा म्हणजे १२८ एमबी, आणि बाहेरचा पसारा हीप लहान केला म्हणून लहान होत नाही. टक्केवारीत ही गोष्ट लपते. लहान कंटेनरसाठी मी तरी आकडाच लिहीन. (मिनरॅमपर्सेंटेज नावाचा आणखी एक पर्याय आहे. नावावरून तो किमान मर्यादेचा वाटतो. ठरवतो मात्र कमालच, फार थोडी रॅम असलेल्या यंत्रांवरची. नाव कोणी ठेवलं असेल त्याला नमस्कार.)

मर्यादा निवडणं म्हणजे प्रोग्राम कोणत्या पद्धतीने मेलेला चालेल ते निवडणं. हीप भरला आणि सफाईनेही जागा निघाली नाही, तर जावा आउट-ऑफ-मेमरी ही चूक उठवते. हे त्यातल्या त्यात चांगलं मरण : कुठे, कोणत्या कामात, याचा माग राहतो. त्याआधी येतो तो वाईट काळ. हीप जवळजवळ भरलेला, जीसी जिवाच्या आकांताने झाडतोय, हाती मूठभर जागा येते आणि लगेच संपते. प्रोग्राम जिवंत दिसतो, काम शून्य. पॅरलल कलेक्टर वापरला तर जेव्हीएम यावर एक रेघ ओढते : ९८ टक्क्यांहून जास्त वेळ सफाईत जात असेल आणि २ टक्क्यांहून कमी हीप मोकळा होत असेल तर ती स्वतःच हार मानते. सगळ्यांत वाईट अवस्था म्हणजे रॅम अपुरी पडून हीपची पानं डिस्कवर जाणं. साधा प्रोग्राम स्वॅपमध्येही कसाबसा रखडत चालतो, कारण तो एका वेळी थोड्याच पानांना हात लावतो. जीसी एकेका जिवंत वस्तूकडे जातो, म्हणजे डिस्कवर गेलेलं प्रत्येक पान त्याला परत बोलवावं लागतं. म्हणून जावाच्या सर्व्हरवर स्वॅप बंद ठेवण्याचा सल्ला जुने लोक देतात, आणि तो बरोबर आहे.

बाकीच्या भाषांनी वेगवेगळे मार्ग धरले. पीएचपी प्रत्येक विनंतीला वेगळी मर्यादा लावते, एरवी १२८ एमबी. एखादी विनंती मेली तरी शेजारची चालू राहते. एर्लांगच्या यंत्रात हजारो छोट्या प्रोसेसना प्रत्येकी स्वतःचा हीप असतो, आणि २०१६ पासून प्रत्येकीला कमाल मर्यादाही लावता येते. गो भाषेने २०२२ मध्ये ‘मऊ’ मर्यादा आणली : तिच्या जवळ गेलं की सफाईचा जोर वाढतो, पण ती ओलांडली म्हणून प्रोग्राम मरत नाही. जावातही झेडजीसीसाठी अशी मऊ मर्यादा आहे. एकाच हीपमध्ये सगळं कोंबणारी जावाची जुनी मांडणी मात्र तशीच राहिली आहे, त्यामुळे तिच्या कमाल आकड्यावर इतकं ओझं येतं.

मग आकडा काढायचा कसा? प्रोग्राम खऱ्या वर्दळीत, निदान एक पूर्ण व्यवसायदिवस चालू द्यावा. पगाराचा दिवस किंवा महिनाअखेर धरली तर उत्तम. जीसीचा लॉग चालू ठेवावा, त्याने वेगावर नगण्य फरक पडतो. पूर्ण सफाईनंतर हीपमध्ये जेवढं उरतं ते जिवंत वस्तूंचं माप. त्याच्या तीन-चार पट एक्सएमएक्स ही सुरुवात म्हणून चालणारी जुनी रीत. तो आकडा, त्यावर बाहेरचा पसारा मोजून, आणि थोडी फट ठेवून कंटेनरची मर्यादा. सर्व्हरवर एक्सएमएस आणि एक्सएमएक्स सारखेच ठेवावेत. हीप मागाहून वाढवताना रॅम मिळाली नाही असा प्रसंग मग भर गर्दीत येत नाही. पण नुसते सारखे ठेवून रॅम ताब्यात येत नाही, लिनक्स पान वापरेपर्यंत ते देत नाही. सुरुवातीलाच ताबा हवा असेल तर ऑलवेजप्रीटच हा पर्याय आहे. त्याने सुरुवात मंदावते. सफाईनंतर उरणारी पातळी दिवसागणिक वर सरकत असेल, तर आकडा वाढवून फक्त कोसळण्याची तारीख पुढे जाते. ती गळती आहे, ती शोधावी लागते.

शोधायचं साधन म्हणजे हीप डम्प, मरतेवेळी हीपमध्ये जे जे होतं त्याची फाइल. हीपडम्पऑनआउटऑफमेमरीएरर हा लांबलचक पर्याय दिला की ती आपोआप पडते. फाइल साधारण भरलेल्या हीपएवढी मोठी होते, तेव्हा तेवढी डिस्क हवी. आणि ती कंटेनरच्या आतल्या डिस्कवर पडली तर कंटेनरबरोबरच पुसली जाते, म्हणून बाहेरच्या जागेचा पत्ता द्यावा. लिनक्सने बाहेरून ठार केलं तर डम्प पडतच नाही. एक्सएमएक्स कंटेनरच्या मर्यादेपेक्षा पुरेसा खाली ठेवण्याचं हे आणखी एक कारण. या फाइलमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं उघड्या अक्षरांत असतं : ग्राहकांची नावं, खाते क्रमांक, डेटाबेसचा पासवर्ड. ती ईमेलने सहकाऱ्याला पाठवू नये, आणि तपास झाल्यावर ती पुसण्याची जबाबदारी कोणाची हेही आधीच लिहून ठेवावं.